कोपऱ्यावरून येणारा आवाज

दसऱ्याच्या दिवशी नागपुरात माणूस एखाद्या वेळी बिनाआंघोळीचा राहील, पण गाडी पारोशी राहत नाही. कामठी रोडच्या आतल्या त्या ले-आऊटमध्येही सकाळपासून बादल्या खडखडत होत्या. स्कूटी, मोटरसायकली, कुणाची नवीकोरी कार, कुणाचा मालवाहू टेम्पो, सगळे झेंडूच्या माळा घालून नवरदेवासारखे उभे होते. प्रेमिलाताई ठवकरांनी आधी आपली स्कूटी धुतली, तिला घाईघाईत हळदकुंकू लावलं आणि मग पदर खोचून पोर्चमधल्या लाल गाडीकडे वळल्या. स्कूटीवर त्या रोज महाल भागातल्या आपल्या फॉल-पिकोच्या दुकानात जात. पोट त्या स्कूटीवर चाले, पण मान सगळा लाल गाडीचा.

लाल गाडी मयुराची, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीची. दोन दारांची, जमिनीला टेकलेली, जुनी जपानी स्पोर्ट्स कार. नोकरी लागल्यावर मयुराने ती सिव्हिल लाइन्समधल्या कुणा साहेबाच्या पोराकडून सेकंडहँड घेतली, तेव्हा अर्धं ले-आऊट बघायला लोटलं होतं. मयुराचे वडील गोपाळराव एसटीत ड्रायव्हर. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि निकाल दिला, "माह्या लालपरीत पन्नास माणसं बसते. हिच्यात दोन. अन् तेही बसत नाही, निजते." त्याच गोपाळरावांना दुसऱ्या दिवशी प्रेमिलाताईंनी गाडीच्या काचेवर हळूच कापड फिरवताना पकडलं होतं.

मयुराने गाडीचा कंपनीचा सायलेन्सर काढून हौसेने दुसरा पाईप बसवून घेतला होता. पोरं बुलेटला लावतात तसला फटाके फोडणारा नव्हे. आवाज मोठा नव्हताच त्याचा, खोल होता; पोटभर जेवलेल्या माणसाने समाधानाने हुंकार द्यावा तसा. गल्लीच्या कोपऱ्यावर किराणा दुकानासमोर स्पीडब्रेकर आहे. मयुरा तिथे गिअर टाकायची आणि आवाज एकदम खाली जाऊन परत वर यायचा. व्हरांड्यात बसलेले गोपाळराव मान वर करायचे. "चहा टाक वं, पोट्टी आली." पोट्टी फाटक उघडून आत येईपर्यंत चहाला पहिली उकळी आलेली असायची. आणि कपात चहा गाळताना बाहेर पोर्चमध्ये तापलेला पाईप थंड होत टिकटिकत असायचा.

असं बरीच वर्षं चाललं. मग गोपाळराव गेले. त्याच्या पुढच्या वर्षी मयुरा जर्मनीला गेली. मोठी नोकरी होती, सोडण्यासारखी नव्हती, आणि प्रेमिलाताईंनीच तिला "जा" म्हटलं होतं. जाताना मयुराने गाडीची किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला लावली आणि एवढंच म्हणाली, "मधून मधून चालू करत जाजो आई, नाही तर बॅटरी बसून जाईल."

आईने त्याचं व्रत केलं. दर रविवारी पूजा झाली की गॅसवर चहाचं आधण ठेवायचं, किल्ली घ्यायची आणि गाडी चालू करायची. आवाज ऐकत उभं राहायचं. चहा उकळला की बंद. ड्रायव्हरची सीट मयुराने ठेवली होती तशीच, पार मागे. मयुरा उंचीला बापावर गेलेली, आई ठेंगणी. प्रेमिलाताई सीटच्या कडेवर कशाबशा टेकायच्या आणि पाय ताणून क्लच दाबायच्या. खालचा खटका दाबून सीट पुढे ओढणं एका हाताचं काम होतं. पण लेक उठून गेली तशी ती सीट होती. तिला हात लावला तर लेक खरीच गेली असं होईल, अशी काहीतरी समजूत त्यांनी करून घेतली होती. कुणाला बोलून दाखवली असती तर लोक हसले असते, म्हणून त्यांनी दाखवली नाही.

गाडी चालवता येत नव्हती असं नाही. गोपाळरावांनी लग्नानंतर कोराडी रोडच्या एका मैदानात त्यांना पक्कं शिकवलं होतं. "ड्रायव्हरच्या बायकोले गाडी येत नाही म्हंजे हलवायाच्या घरात साखर नाही," असं त्यांचं म्हणणं. लायसन्स होतं, वेळेवर नवं करूनही घेतलं होतं. पण स्कूटीवर भागत असताना चार चाकं कशाला, म्हणून ते तसंच पर्समध्ये पडून होतं.

तर यंदाचा दसरा. गाडी धुऊन झाली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. प्रेमिलाताईंनी कडेवर टेकून किल्ली फिरवली. फाट्‌कन काहीतरी तुटलं, मागे लोखंड आपटलं आणि गाडीने असा काही हंबरडा फोडला की समोरच्या घराच्या खिडक्या थरथरल्या. त्यांनी घाबरून किल्ली उलटी फिरवली.

शेजारच्या अरुंधतीबाई जोशी हातात आरतीचं तबक घेऊन कंपाउंडशी आल्या. शाळेतून निवृत्त झाल्या तरी त्यांचा आवाज अजून वर्गातलाच होता. "प्रेमिला, अगं रावण इथेच जाळतेस की काय? मैदानावर जाळायचा असतो तो!"

प्रेमिलाताई वाकून बघत होत्या. सायलेन्सर मधूनच मोडून जमिनीवर पडला होता आणि त्यातून तपकिरी पाणी वाहत होतं. पत्र्याची चाळणी झाली होती. त्यांनी बोटाने दाबलं तर पापडासारखा तुकडा निघाला.

दुपारी मयुराचा फोन आला. दसऱ्याच्या शुभेच्छा झाल्या, सोनं वाटून झालं का विचारून झालं, मग प्रेमिलाताईंनी भीत भीत गाडीचं सांगितलं. मयुरा हसली.

"जुनी झाली वं आई ते. जाऊ दे आता. रजत कधीचा मागून राहिला तिले." रजत तिच्यासोबत कॉलेजात होता. सीताबर्डीला त्याचं घर, आणि जुन्या गाड्या घेऊन त्यांचे सुटे भाग इकडचे तिकडे करण्याचं त्याला वेड. "मी दिवाळीत येऊन राहिली. सुट्टी मंजूर झाली. तेव्हा सह्या करून त्यालेच देऊन टाकू."

तीन वर्षांनी लेक येणार होती. प्रेमिलाताईंना इतका आनंद झाला की "देऊन टाकू" हे शब्द कानावरून गेले. ते डोक्यात शिरले फोन ठेवल्यावर, भांडी घासताना. हातातली कढई तशीच राहिली.

मयुराचं तिकडचं कामही गाड्यांचंच. पण तिकडे आता विजेच्या गाड्या, त्यांना सायलेन्सरच नसतो. त्या इतक्या मुकाट येतात की रस्त्यावरच्या माणसाला कळत नाही, म्हणून त्यांना मुद्दाम आवाज बसवतात. तो कसा असावा हे ठरवणाऱ्या लोकांत मयुरा होती. तिने हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा प्रेमिलाताई म्हणाल्या होत्या, "बरोबर आहे. कोणी आलं का समजाले तर पाहिजे."

आता त्यांना नेमकं तेच वाटत होतं. लाल गाडी गेली की या घरी कुणी आलं हे कशाने समजणार? लेक टॅक्सीने येईल, टॅक्सीने जाईल, पाहुण्यासारखी. द्यायची तर द्यावी, गाडी तिची आहे. पण अशी मोडकी, मुकी द्यायची नाही. आणि मनाच्या तळाशी त्यांचा एक लबाड विचार होता, तोही सांगून टाकलेला बरा. एकदा, फक्त एकदा, पोरीने त्या आवाजात कोपऱ्यावरून घरी यावं. मग तिलाच गाडी देववणार नाही.

त्यांच्या दुकानात फॉल लावायच्या कामाला येणारी सुरुची नावाची एक बाई होती. तिचा नवरा पियूष कन्हानच्या वाटेवर सायलेन्सरचंच दुकान चालवी. प्रेमिलाताईंनी सुरुचीला गळ घातली आणि रविवारी पियूष घरी आला. दाढी कोरलेली, गळ्यात साखळी, तोंडाचा पट्टा सुरू. गाडीखाली शिरला आणि तिथूनच विचारू लागला.

"काकू, गाडी कोण चालवते?"

"कोणी नाही. मी रविवारी चालू करते."

"किती वेळ?"

"चहा उकळेपर्यंत."

गाडीखालून हसण्याचा आवाज आला. "मग बरोबर आहे. चहानंच मारलं हिले. इंजिन चालू झालं का धुरासंग वाफ निघते काकू. गाडी चांगली लांब पळाली, पाईप तापला, का ते उडून जाते. तुम्ही चहा उकळला का बंद. मग ते पाणी हिच्या पोटातच. दर रविवारी पाणी पाजलं तुम्ही हिले, गंजणार नाही तर काय?"

तो गमतीत बोलला. प्रेमिलाताई मात्र व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. ज्या गोष्टीला जिवापाड जपलं ती जपण्यानेच नासली होती. रविवार चुकू नये म्हणून त्यांनी लग्नकार्यं टाळली होती, एकदा अंगात ताप असताना त्या भिंतीला धरून पोर्चपर्यंत आल्या होत्या. त्यापेक्षा काहीच केलं नसतं तर पाईप शाबूत राहिला असता. त्यांना रडू आलं नाही, स्वतःचा राग आला.

"नवा लावून दे," त्या म्हणाल्या. "पण आवाज तोच पाहिजे."

"कोणता तोच?"

हाच तर प्रश्न होता. मयुराने तो पाईप कुठून आणला होता ते तिला विचारता येत नव्हतं, विचारलं तर बेत फुटला असता. पाईपावरचं नाव गंजाने खाल्लेलं. पियूषने मोडका तुकडा तारेने बांधला आणि गाडी आपल्या दुकानी नेली. ती गल्लीतून गेली तेव्हा कुत्री मागे लागली आणि अरुंधतीबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

दुसऱ्या दिवशी प्रेमिलाताई महालातलं दुकान बंद ठेवून स्कूटीवर पियूषकडे गेल्या. टिनाच्या शेडमध्ये पाईप टांगले होते, सरळ, वाकडे, एका तोंडाचे, दोन तोंडांचे, भाजीबाजारात दोडके-पडवळ टांगावेत तसे. पियूषने प्लास्टिकच्या खुर्चीवर त्यांना बसवलं आणि मोबाईलवर एकेक पाईपाचा आवाज ऐकवायला सुरुवात केली.

"हे घ्या. पोट्टे वेडे आहे याच्यासाठी."

"हा भुंकते."

"बरं, हे?"

"पिपाणी आहे. नाही."

"हे ऐका, एकदम रेसिंग."

"याच्यानं तर मले पोलीस धरतील. रोडरोलर फिरवून राहिले ना ते सायलेन्सरवर?"

"ते फटाकेवाल्यांवर काकू. कायद्यातला लावीन मी, चिंता नका करू. पण तुमाले पाहिजे कसा, ते तर सांगा!"

प्रेमिलाताईंनी इकडेतिकडे पाहिलं, घसा साफ केला आणि त्या खुर्चीत ताठ बसून, पर्स मांडीवर धरून, तोंडाने गाडीचा आवाज काढला. आधी खर्जात, मग कोपऱ्यावरचा उतार, मग चढ. पलीकडे टायर बदलून घेणारा ट्रकवाला वळून बघायला लागला. पियूषने ओठ घट्ट मिटले, कारण हसलो तर सुरुची घरी जेवायला देणार नाही हे त्याला माहीत होतं.

मग प्रेमिलाताईंनी पर्समधून फोन काढला. त्यात एक व्हिडिओ होता. गोपाळराव असतानाचा. ते गेल्यापासून त्यांनी तो उघडला नव्हता, आणि काढूनही टाकला नव्हता.

"ग्राइंडर बंद कराले सांग जरा," त्या म्हणाल्या.

शेड शांत झाली. व्हिडिओत गोपाळराव बनियनवर व्हरांड्यात बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. शेंगांपेक्षा दाणे तोंडातच जास्त जात होते. "व्हिडिओ काढू नको वं, वजन कमी भरलं तर मलेच चोर म्हणशील," असं काहीतरी बोलत होते. मग लांबून तो आवाज आला. आधी अगदी बारीक. कोपऱ्यावर खाली गेला, वर आला. गोपाळरावांनी मान वर केली, चेहरा उजळला. "चहा टाक वं, पोट्टी आली." चित्र हललं आणि संपलं.

पियूषने फोन कानाला लावून तो पुन्हा ऐकला, आणि पुन्हा. "पाईप मोठा नाही," तो आता हळू बोलत होता, "मधात एक डबा आहे लांबोळा. त्याच्यानं हा गोडवा येते." तो पाईप ऐकत होता. प्रेमिलाताई दर वेळी दुसरंच ऐकत होत्या, आणि "पोट्टी आली" म्हणताना गोपाळरावांचा आवाज किती हलका होई हे त्या केव्हाच विसरून गेल्या होत्या.

तयार मिळणारा पाईप पियूषने मागवून घेतला, मधला डबा मात्र स्वतः बनवला. बसवायच्या दिवशी प्रेमिलाताई हजर होत्या. जुने नट इतके गंजले होते की गॅसची ज्योत लावून लाल केल्याशिवाय हलेनात. मग सांध्यात नवं गॅस्केट, नवे रबर, वेल्डिंग. पाईप बंपरला टेकतो का बघायला पियूष तो गाडीखालून हलवत होता आणि प्रेमिलाताई मागे वाकून, "जरा डावीकडे आहे गा, सरळ नाही," म्हणून सांगत होत्या. साडीचा फॉल कुठे पळतो हे आयुष्यभर बघितलेल्या नजरेला ते दिसणारच. शेवटी पियूषने गाडी चालू केली, चिंध्या पाईपाच्या तोंडावर दाबून कुठे हवा गळत नाही ना ते तपासलं आणि मग चिंध्या काढल्या.

प्रेमिलाताईंचा चेहरा उतरला. आवाज नीट होता, स्वच्छ होता. पण कोरडा होता, डब्यात खडे वाजवावेत तसा. "हा नाही," त्या म्हणाल्या.

"हाच आहे काकू."

"पियूष, मी हा आवाज झोपेतही ओळखीन. हा नाही."

"अहो, नवा आहे ना! डब्याच्या आत जाळी आहे, तिच्याभोवती पॅकिंग भरलं आहे, कापूस भरतात तसं. तापला, थंडा झाला, पुन्हा तापला, असं करत करत ते बसते. तेव्हा आवाज खाली उतरते. नव्या गादीले नाही लागत का बसाले वेळ?"

"मग चालव ना तू. तापव."

"माह्यापाशी कुठं टाईम आहे? तुम्ही चालवा. लायसन आहे म्हणता. रोज कन्हानच्या पुलापर्यंत जा अन् वापस या. अन् चहावालं काम बंद करा. हिले बांधून ठेवलं का मरते हे."

प्रेमिलाताई गाडीत बसल्या. पाय क्लचवर टेकेना. चालू करण्यापुरतं कडेवर बसून चालत होतं, रस्त्यावर चालणार नव्हतं. त्यांनी हात खाली नेला. खटका बोटांना लागला, आणि हात तिथेच थांबला. बाहेर पियूष काहीतरी बोलत होता, हॉर्न वाजत होते, आणि त्या मनातल्या मनात लेकीला म्हणत होत्या, माफ कर वं पोरी, तुह्याचसाठी करून राहिली. मग त्यांनी खटका ओढला. सीट खट्‌कन पुढे आली. क्लच तळापर्यंत दबला. डोळे भरले होते ते त्यांनी पदराने पुसले, कारण भरल्या डोळ्यांनी गाडी चालवायची नाही हे गोपाळरावांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

पहिल्या दिवशी गाडी चार ठिकाणी बंद पडली. कामठीत एका ऑटोवाल्याने "काकू, मेट्रोनं फिरा ना!" असा सल्ला दिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याच ऑटोला मागे टाकलं आणि आरशात त्याचं तोंड बघून घेतलं. सकाळी दुकान उघडण्याआधी त्या निघत. कामठी मागे पडे, रस्ता मोकळा होई, नदीवरचा पूल येई. पुलाच्या अलीकडेच गाडी वळवायची आणि परत. गोपाळरावांनी शिकवलेलं एकेक आठवत गेलं. गिअर टाकताना गाडीशी भांडायचं नाही. ब्रेक मारायच्या आधी मनात मारायचा. पाईपाच्या टोकावर पोलादाला हळूहळू सोनेरी रंग चढू लागला, आणि आवाज रोज थोडा थोडा खाली उतरू लागला.

पण एक घोळ झाला. एके दिवशी कोपऱ्यावर, किराणा दुकानासमोर, त्यांनी मयुरासारखाच गिअर टाकला आणि कान टवकारून ऐकलं. काही समजेना. गाडीत इंजिनाची घरघर, खिडकीतून वारा, सीटखाली थरथर. घरात बसून ऐकलेला तो आवाज आत येतच नव्हता. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की येणाऱ्याचा आवाज घरी वाट बघणाऱ्यालाच ऐकू येतो. आणि घरी तर कुणीच नव्हतं.

त्यांनी अरुंधतीबाईंना गाठलं. "ऐकला का तुम्ही? पहिल्यासारखा वाटते का?"

अरुंधतीबाई ओशाळल्या. "प्रेमिला, हल्ली मला कमी ऐकू येतं गं. तेव्हा त्या आवाजाचा त्रास व्हायचा. आता तू गेलीस कधी आलीस कधी, पत्ता लागत नाही." मग त्या म्हणाल्या, "त्रास व्हायचा तेच बरं होतं."

म्हणजे आवाज तोच झाला की नाही हे सांगायला जगात कुणी उरलं नव्हतं. प्रेमिलाताई तरीही रोज पुलापर्यंत जात राहिल्या.

मयुरा धनत्रयोदशीला संध्याकाळच्या विमानाने येणार होती. "एअरपोर्टवर येऊ नको, मी टॅक्सी करते," तिने बजावलं होतं. प्रेमिलाताईंचा बेत पक्का होता. दुपारी गाडी काढायची, पुलापर्यंत नेऊन पाईप चांगला तापवायचा, तिन्हीसांजेच्या आत परत यायचं. लेक आली की तिच्या हातात किल्ली द्यायची आणि म्हणायचं, जा, कोपऱ्यापर्यंत जाऊन ये. आपण व्हरांड्यात बसायचं. एवढंच. शेवटचं का असेना.

घराची किल्ली अरुंधतीबाईंकडे ठेवून त्या निघाल्या. फोन फ्रिजवर चार्जिंगला लावलेला, तो तिथेच राहिला. जाताना रस्ता मोकळा होता, येताना मात्र कामठीच्या बाजारात दिवाळीची सगळी दुनिया उतरलेली. पणत्या, लक्ष्मीच्या मूर्ती, लाह्या-बत्तासे, आणि मधोमध एक ट्रक आडवा. पुढे जाता येईना, मागे येता येईना. प्रेमिलाताई हॉर्नवर हॉर्न वाजवत होत्या, पण पाईपाला काही घाई नव्हती. तो आपला मजेत तापत होता.

गल्लीत वळल्या तेव्हा घराघरांवर आकाशकंदील लागले होते. किराणा दुकान, स्पीडब्रेकर. त्यांनी गिअर टाकला. आवाज खाली गेला असावा, वर आला असावा. घराशी येऊन बघतात तर फाटक सताड उघडं. त्यांना वाटलं, चोरच शिरला. मग पोर्चच्या कडेला भली मोठी निळी सुटकेस दिसली.

त्यांनी गाडी आत घेतली, बंद केली आणि तशाच बसून राहिल्या. दारात मयुरा उभी होती. केस कापलेले, वाळलेली, हातात सांडशी.

"आधीचं विमान भेटलं," ती म्हणाली. "तुले फोन केला तर फ्रिजवरच वाजला. जोशीकाकूंकडून किल्ली घेतली." मग तिने आत, स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. "कोपऱ्यावर आवाज आला, अन् चहा टाकला."

मयुराने येऊन गाडीचं दार उघडलं.

"तोच होता का वं?" आईने विचारलं. लेक तीन वर्षांनी दिसली आणि पहिला प्रश्न हा. "खरं सांग. तोच आवाज होता का?"

"मले काय माहीत आई?" मयुरा म्हणाली. "मी हा आवाज कधी घरातून ऐकलाच नाही. मी तर आतच राहायची." ती गाडीशेजारी उकिडवी बसली. "तासभर बसून होती मी व्हरांड्यात. दर गाडीले वाटे, आली आई. उठून फाटकाशी जाऊन पाहे. अन् मग हा आला, तर उठावं नाही लागलं. समजलंच. थेट जाऊन आधण ठेवलं."

उठून फाटकाशी जाणं प्रेमिलाताईंना पाठ होतं. त्यांनी लेकीच्या कापलेल्या केसांवरून हात फिरवला, आणि ती दिवाळी झाली की परत जाणार आहे हे त्या हाताला आधीच माहीत होतं. आत चहा उतू गेल्याचा वास आला. दोघींपैकी कुणीही उठलं नाही.

"रजतले काय सांगू?" बऱ्याच वेळाने मयुराने विचारलं.

"सांग, आई चालवते म्हणा."

मयुरा रडता रडता हसली. दोघी आत गेल्या, उरलासुरला चहा गाळला आणि कप घेऊन पायरीवर येऊन बसल्या. पोर्चमध्ये पाईप थंड होत टिकटिकत होता. चहा संपल्यावर प्रेमिलाताईंनी पदराच्या गाठीतून किल्ली काढून पुढे केली. "जा, कोपऱ्यापर्यंत जाऊन ये. मी बसते इथं."

मयुरा गाडीत शिरली आणि तिचे गुडघे स्टिअरिंगवर आपटले. "बापा! किती पुढे ओढली वं सीट!"

"थांब, मागे करून देते," प्रेमिलाताई लगबगीने उठल्या.

"नको वं आई. राहू दे तशीच." मयुरा उतरली, गाडीला वळसा घालून डावीकडच्या सीटवर जाऊन बसली आणि तिने आईसाठी आतून दार उघडलं. "चल, तू चालव. कन्हानच्या पुलापर्यंत जाऊ."